ग्रॉमनित्सा

अर्धांगाचा झटका आल्यापासून ब्रोन्याची वेल्श पार पुसली गेली. जिभेवर उरली ती माहेरची पोलिश, आणि सगळा जन्म वेल्समध्ये तिच्याशी संसार करूनही ती भाषा काही इद्वालला आली नव्हती.

आज सकाळपासून ती एकच शब्द म्हणत होती, "ग्रॉमनित्सा." म्हणताना हात पुढे करायची. इद्वालने तिचा छोटा शब्दकोश चाळला. तो शब्द त्यात नव्हता. तो ज्यावरून आला, तेवढं सापडलं. ग्रॉम, म्हणजे ढगांचा गडगडाट.

"घाबरलीस होय? अगं, कुठे गडगडतंय? आभाळ बघ कसं मोकळं आहे."

तिने पुन्हा हात पुढे केला. त्याने तो पांघरुणात घातला, खिडक्या लावल्या, पडदे ओढले. विजेसारखा डोळ्यांवर यायला नको म्हणून उशाजवळचा दिवाही मालवला. हळूहळू ती गप्प झाली.

दुपारी तिची गाववाली गेनोवेफा आली, तेव्हा सगळं संपलं होतं.

"एवढा अंधार कशाला केलास रे?"

त्याने तो शब्द सांगितला. गेनोवेफाने पांघरुणातला ब्रोन्याचा हात बाहेर काढला.

"मेणबत्ती असते ती, इद्वाल. फादरनी आशीर्वाद दिलेली. वादळात खिडकीत लावतो, म्हणून नाव तसलं. आणि माणूस जायला लागलं की पेटवून त्याच्या हातात देतो. पुढची वाट अंधारात चाचपडायला लागू नये म्हणून."

इद्वालने उठून पडदा सरकवला. बाहेर अजून लख्ख ऊन होतं.