चौथा खांदा

गुड फ्रायडेच्या भर दुपारी एवारिस्तो मास्तरांनी चर्चच्या ऐन दारासमोर, फुटपाथवर, जाळीवर बरगड्या भाजायला टाकल्या. पन्नास वर्षांचा नेम. ज्या दिवशी ख्रिस्ती माणसानं मांसाला शिवायचं नाही, नेमक्या त्याच दिवशी गावातले नास्तिक इथं पंगत मांडायचे. एके काळी चाळीस पानं उठायची. आता मास्तर एकटे उरले होते. वय ब्याऐंशी, दात मोजून सहा.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. उरुग्वेच्या सरकारी कॅलेंडरात या आठवड्याचं नावच पर्यटन सप्ताह, त्यामुळे सगळं गाव समुद्रावर गेलं होतं.

चर्चमधून फादर अन्सेल्मो बाहेर आले. “मास्तर, आज मिरवणूक नाही.”

“का? देवाचे पाय दुखतात का?”

“मूर्ती उचलायला चार खांदे लागतात. देल्फिना, तिची बहीण आणि मी. तिघंच आहोत.” फादर जरा घुटमळले. “तुम्ही चौथे झालात तर...”

“डोकं ठिकाणावर आहे ना, फादर? देव नाही, हे मी मरेपर्यंत सांगणार!”

“तुम्ही निदान सांगता तरी. बाकीच्यांना विचारावं तर कुणी जागेवर नाही.”

हे मास्तरांना झोंबलं. देव नाही, या निकालापर्यंत यायला त्यांनी तरुणपणाची सात वर्षं घातली होती, आईचा अबोला सोसला होता. आणि हे लोक! यांनी देव नाकारलाच नव्हता. छत्री विसरावी तसा कुठंतरी विसरून आले होते. असल्यांना नास्तिक म्हणायची मास्तरांना लाज वाटायची.

“खांदा मिळणार नाही,” ते म्हणाले. “पण मिरवणूक निघालीच पाहिजे. नाहीतर मी हे कुणाच्या नाकावर टिच्चून खाऊ? घरी जेवायला मिळत नाही म्हणून बसलोय का इथं?”

त्यांनी आपला सरपणाचा हातगाडा रिकामा केला, फडक्यानं पुसला आणि फादरांपुढे ढकलला.

“सरपणाच्या गाड्यावर देव?” देल्फिना दारातून कडाडली. लहानपणी ती आणि मास्तर शाळेत एकाच वर्गात शिकले होते.

“आणि तीन खांद्यांवरून पडला तर बरं दिसेल का गं?”

गाडा निघाला. पुढे प्रार्थना म्हणत फादर, मागे ढकलणाऱ्या दोघी म्हाताऱ्या. मास्तर डोक्यावरची टोपी न काढता ताठ उभे राहिले. मूर्ती अगदी समोर आली तसा त्यांनी बरगडीचा लचका तोडला आणि बोटं चाटली.

देल्फिना थांबली. तिनं छातीवर क्रूस काढला. “नरकात जाशील, एवारिस्तो!”

मास्तरांचा ऊर भरून आला.

“मोठ्यानं बोल, देल्फिना!” ते ओरडले. “गावात कुणी मागं राहिलं असेल, तर ऐकू दे त्याला!”