उद्धवरावांचा बोलघेवडा फोन

"दुकानातनं आला व्हय?" उद्धवरावांनी दार अर्धंच उघडून विचारलं.

"हो काका. फोन बघायला सांगितलंय," निरंजन म्हणाला. बुटाची नाडी सोडताना त्याची बोटं गुंतली.

दुकान वगैरे सगळी थाप होती. निरंजन चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता आणि आज गुरुवारची सुट्टी होती. त्याला या घरचा जावई व्हायचं होतं, एवढंच काय ते खरं. उद्धवरावांनी मात्र त्याला न भेटताच नकार कळवला होता. "तीन वर्षांत दोन कंपन्या सोडल्या. जो मशीनवर टिकत न्हाई, तो संसारात काय टिकणार?" संपला विषय. चौतीस वर्षं कंपनीच्या इन्स्पेक्शन खात्यात माल तपासण्यात काढलेला माणूस. त्यांनी रिजेक्ट म्हटलं की साहेबांचंही चालत नसे.

आठवड्यापूर्वी त्यांचा फोन पिसाळला आणि त्यांच्या लेकीला, विजयश्रीला, संधी दिसली. तिने अण्णांना सांगितलं, दुकानातून माणूस पाठवते. आणि पाठवलं निरंजनला.

"अण्णांना एक तास तुझ्यासोबत बसू दे," तिने बजावलं होतं. "खरं काय ते मी रविवारी सांगेन. आणि हे बघ, घाई केलीस तर माझ्याशी गाठ आहे."

निरंजनने फोन हातात घेतला. घेताक्षणी पडदाभर जाहिरात. ती बंद करतोय तोवर दुसरी, पोट कमी करणाऱ्या तेलाची. मग तिसरी, तुमच्या फोनमध्ये अडीचशे विषाणू आहेत म्हणून.

"परवा दहाव्याला गेलो होतो," उद्धवराव म्हणाले. "सगळे गप बसलेले. आणि खिशातनं हा बोंबलला, अभिनंदन, तुमी जिंकलात!"

स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचं, सावित्रीबाईंचं, हसू ऐकू आलं. निरंजनने मोठ्या कष्टाने आपलं आवरलं.

"त्यापेक्षा सगळंच पुसून टाक की," उद्धवराव म्हणाले. "दहा मिनटांत मोकळा होशील."

मोह झाला, नाही असं नाही. पण त्याने मान हलवली. "फोटो, नंबर, सगळं जाईल काका. एकेक शोधू. तुम्हीच करा, मी सांगतो. म्हणजे पुढच्या वेळी कुणाला बोलवायला नको."

तो खुर्ची ओढून शेजारी बसला. जाहिरात आली की लगेच बंद करायची नाही, आधी उघडी असलेली ॲप बघायची, म्हणजे चोर कोण ते कळतं. मग त्या ॲपची दुसऱ्यांच्या डोक्यावर नाचायची परवानगी काढायची आणि त्याला घराबाहेर घालवायचं. ब्राउझरमध्ये कुठल्याशा वेबसाइटना नोटिफिकेशनची मुभा दिलेली होती, तीही बंद केली.

"कुठं दाबलं?" उद्धवरावांनी विचारलं. हे चौथ्यांदा.

निरंजनने फोन पुन्हा त्यांच्या हातात दिला. "सेटिंग. आता ॲप. बरोबर. आता तुम्हीच."

पत्रिका सांगणारं गेलं. फोनचा वेग वाढवणारं गेलं. वॉलपेपरची तीन गेली, फुकट गेमची कितीतरी. चहा निवला, सावित्रीबाईंनी दुसरा आणला. पाऊण तासाने फोन एकदाचा गप्प झाला.

"झालं की! निघ आता," उद्धवराव म्हणाले.

"पंधरा मिनिटं थांबतो. नुसता टेबलावर ठेवून बघू."

तिघंही फोनकडे बघत बसले. कासारवाडी स्टेशनातून एक गाडी गेली. दहा मिनिटं झाली, अकरा झाली, आणि बाराव्या मिनिटाला पडद्यावर ठसठशीत अक्षरं आली: अभिनंदन!

निरंजनला चक्क आनंद झाला. त्याने उघडी ॲप पाहिली. "बॅटरी. उजेड पाडायची."

"ती न्हाई," उद्धवराव एकदम म्हणाले. "चार वर्षं वापरतोय मी. चांगली हाय ती."

"फोनला स्वतःची बॅटरी असते काका. ही वरची. हीच गुपचूप बसलेली होती." त्याने वरून बोट ओढून फोनमधलीच बॅटरी लावून दाखवली. उद्धवरावांनी ती तीनदा लावली, तीनदा विझवली. मग जड मनाने जुनी काढून टाकली.

पुढचा अर्धा तास फोन चुकूनही बोलला नाही.

"एकूण अठरा ॲप काढली," निरंजन उठत म्हणाला.

"अठरा?"

"हो. मोजली ना मी."

उद्धवरावांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "बरं," म्हणाले. "पुन्हा लागलं तर तुलाच बोलवू का?"

"कधीही!"

निरंजन तीन-तीन पायऱ्या उडवत खाली गेला. रस्त्यावर पोचायच्या आत त्याने विजयश्रीला फोन लावला होता आणि "जिंकलो गं, जिंकलो!" असं तो इतक्या जोरात ओरडला की रिक्षावाले वळून बघायला लागले.

वर सावित्रीबाई कपबशा गोळा करत हळूच म्हणाल्या, "गुणी पोरगा आहे नाही? दुकानातला असला म्हणून काय झालं."

"दुकानातला कशाचा! विजूच्या मोबाइलवर दिवाळीतच फोटो बघितलाय त्याचा. माझा फोन बिघडला की ती त्यालाच धाडणार, हे ठाऊक होतं मला." उद्धवरावांनी गप्प झालेला फोन खिशात टाकला. "तिला सांग, रविवारी त्याच्या आईवडलांना घेऊन ये म्हणावं. कंपनीत नवा इन्स्पेक्टर आला की त्याच्या मालात आमी खराब पार्ट मुद्दाम मिसळून द्यायचो. आठ दिवस खपून या फोनात सतरा ॲप मिसळली होती मी. या पठ्ठ्यानं अठरा काढली."