आयुधपूजेचा फोन

आयुधपूजेच्या सकाळी विश्वजीतचा फोन वाजला तेव्हा त्याचा लॅपटॉप देवघरासमोर पाटावर होता. झाकणावर गंध, कुंकू आणि शेवंतीचं फूल. शेजारी घराण्याची जुनी तलवार, वडिलांचे नट-बोल्टचे पाने आणि बायकोची, सुष्माची, शिवणाची कात्री. एकदा पूजा झाली की विजयादशमीपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही, हा त्याच्या वडिलांचा, संताजीरावांचा कायदा. संताजीराव बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते, पण त्यांचा आवाज अजून नोकरीत होता.

"फोनला मी पूजेत धरलेलं नाही," ते म्हणाले. "घे. लॅपटॉप मात्र उद्या."

फोन हुणसूरच्या डायलिसिस केंद्रातून होता; तिथले कंप्यूटर विश्वजीत सांभाळायचा. तिथली टेक्निशियन चंदना रडकुंडीला आली होती. केंद्रातले सगळे कंप्यूटर एकच वाक्य दाखवत होते, सर्व्हर सापडत नाही. माणसं येऊन खुर्च्यांवर बसलेली. कोणाच्या अंगातून किती पाणी काढायचं, कोणाला कुठलं औषध सोसत नाही, ते सगळं सर्व्हरच्या त्या एका डब्यात. कागदावर लिहून ठेवणं केव्हाच बंद झालं होतं. एका म्हाताऱ्याला आताच धाप लागली होती.

संताजीरावांनी खुर्ची जवळ ओढली. पोराची नोकरी नक्की काय, हे त्यांना आजवर उमगलं नव्हतं. आठवडाभर पडद्याकडे बघतो आणि रविवारी दुर्बीण घेऊन कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर पक्ष्यांकडे बघतो. धंदाही बघण्याचा आणि छंदही बघण्याचा, असं ते चारचौघांत सांगायचे. आज बघायला काहीच नव्हतं. विश्वजीतने फोन स्पीकरवर टाकला, डोळे मिटून भिंतीला टेकला आणि कन्नडात एकेक विचारत गेला.

"टेबलाखालच्या डब्याचा पंखा फिरतोय? बरं. आता पडद्यावर काय आहे ते वाच. सावकाश, घाई नाही."

घाई नव्हती कशी, घाईच घाई होती. चंदना वाचायची, चुकायची, परत वाचायची. मध्येच भलतं बटण दाबून तिने सगळं बंद केलं आणि ते पुन्हा चालू व्हायची वाट बघत बसावं लागलं. मागून कोणीतरी "अजून किती वेळ" म्हणून ओरडत होतं. आपण असतो तर एव्हाना या मुलीला फाडून खाल्लं असतं, संताजीरावांना वाटलं. विश्वजीतच्या कपाळावर घाम होता. आवाज मात्र तान्ह्या बाळाला झोपवताना असतो तसाच राहिला.

शेवटी संताजीरावांना राहवेना. "लॅपटॉप घे रे," ते म्हणाले. "पूजेचं मी बघतो. देवाला कळतं."

विश्वजीतने फोनवर हात ठेवला. "नको अप्पा. डबा नेटवरच येत नाहीये. लॅपटॉप घेऊन काय त्याची आरती करू?"

आयुष्यात पहिल्यांदा कायदा मोडायला निघावं आणि त्याचा काही उपयोग नसावा, हे संताजीरावांना जरा लागलं.

'आरती' हा शब्द उच्चारतानाच विश्वजीतची नजर पाटावर गेली.

"चंदना, सकाळी पूजा केलीत तुम्ही लोकांनी?"

"केली की सर. सगळ्या मशिनींची."

"डब्याचीही?"

"आधी त्याचीच. वायरी काढून स्वच्छ पुसला, गंध लावलं."

"कुठे लावलंस?"

तिकडून बारीक आवाज आला. "मागे. वायर घुसते तिथे, आत. सगळं तिथूनच येतं-जातं ना, सर."

सुष्मा पदर तोंडाला लावून आत पळाली. संताजीराव ताडकन उभे राहिले. विश्वजीत हसला नाही की चिडला नाही.

"खरं आहे, तिथूनच येतं-जातं," तो म्हणाला. "आता डबा बंद कर आणि वायर काढ. कापूस घे, स्पिरिट तर तुमच्याकडे बादलीभर असेल. हलक्या हाताने पूस. पूर्ण वाळलं की मग वायर लाव."

बराच वेळ नुसती खुडबुड ऐकू येत राहिली. मग चंदना म्हणाली, "सर, हिरवा दिवा लागला." तिच्यामागे खुर्च्या सरकल्या आणि कोणीतरी त्या धाप लागलेल्या म्हाताऱ्याला हाक मारली, "चिदंबरय्या, आधी तुम्ही आत या."

लगेच ऑफिसातून साहेबांचा फोन आला. त्यांचं बोलणं खोलीभर ऐकू येत होतं. काय बिघडलं होतं, त्यांनी विचारलं.

"वायर नीट बसली नव्हती, सर. मागच्या खेपेला मीच बसवली होती. माझ्याकडून राहिलं."

त्यावर साहेबांनी जे काही सुनावलं ते त्याने निमूट ऐकून घेतलं. हो सर, हो सर, एवढंच म्हणत राहिला.

फोन खाली येताच संताजीराव कडाडले. "तू का ऐकून घेतलंस? अय्यो, गंध काय तू लावलंस? चूक तिची."

"तिला उद्या परत त्याच डब्याला हात लावायचाय, अप्पा. आज धसका घेतला तर लावणार नाही. आणि तिथे रोज मी थोडाच असतो? अष्टे, एवढंच."

हे पोर आपलंच का, असं संताजीरावांना क्षणभर वाटलं, आणि आपलंच आहे म्हणून ऊर भरून आला.

दारात गाड्यांची पूजा राहिली होती. ओवाळून कोहळा फोडण्याचा मान घरच्या कर्त्याचा, आणि स्वतःचे वडील गेल्यापासून संताजीरावांनी तो कोणाला दिला नव्हता. त्यांनी कोहळ्यावर कापूर लावला, स्कूटरवरून आणि कारवरून ओवाळलं, कापूर विझू दिला आणि कोहळा विश्वजीतपुढे केला.

"अप्पा, तुम्ही असताना मी..."

"सरी, असू दे, धर," ते म्हणाले आणि एक पायरी खाली उतरून उभे राहिले.