सल्ला आला की खुर्ची मागे

मुलीने खुर्ची पुन्हा मागे ओढली आणि अख्खा वर्ग हसला. साहेबही हसले. दुसरं करणार काय?

कॉलेजातल्या या वर्गात मुलंच मुलांच्या मनातलं ऐकून घ्यायला शिकत. या वर्गाची सरकारी मदत चालू ठेवायची की बंद करायची, हे ठरवायला साहेब आले होते. "ऐकायला कसलं आलंय प्रशिक्षण?" असं ते आल्या आल्या बोलून बसले. शिकवणाऱ्या बाईंनी मग त्यांनाच ऐकणाऱ्याच्या जागी बसवलं. समोर वर्गातली सगळ्यात तयार मुलगी सरावापुरती दुःखी विद्यार्थिनी झाली. नियम एकच. ऐकणाऱ्याने सल्ला दिला की बोलणाऱ्याने खुर्ची मागे घ्यायची.

"मला झोप लागत नाही," मुलगी म्हणाली.

"पहाटे उठून पळायला जा." खुर्ची मागे.

"कुणाशी बोलावंसंच वाटत नाही."

"अगं, मैत्रिणी जोडाव्यात. आमच्या वेळी..." खुर्ची मागे.

साहेब घोटभर पाणी प्यायले, वर "तूही पी जरा" म्हणाले. तोही सल्लाच ठरला.

मुलगी आता दाराला टेकली होती. साहेबांना स्वतःचीच कीव आली. तुम्ही झोपेतही सूचना देता, असं बायको म्हणायची. ते इतकी वर्षं त्याला थट्टा समजत आले होते. आता आणखी एक सल्ला, की पोरगी व्हरांड्यात! त्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

मुलगी पुढच्या सल्ल्याची वाट बघत राहिली. मग तिने खुर्ची उचलली आणि थेट साहेबांसमोर आणून ठेवली.

"सर, मी रोज सगळ्यांचं ऐकते," ती हळू आवाजात म्हणाली. "मला कुणी विचारतच नाही. हे सरावातलं नाही, सर. मला खरंच झोप लागत नाही."

बाईंनी खुणेनेच बाकीच्या मुलांना बाहेर काढलं. साहेबांच्या जिभेवर चार सल्ले आले, ते त्यांनी गिळले.

"मग?" एवढंच ते म्हणाले.

मुलगी सांगू लागली. तेवढ्यात खाली गाडीपाशी थांबलेला त्यांचा कारकून दारात आला. "साहेब, उशीर होतोय. यांची मदत चालू की बंद?"

"चालू," साहेब मान न वळवता म्हणाले. "आणि जरा गप्प राहा. पोरगी बोलतेय."