टोकदार छर्रे

हे लिहिणारच नव्हतो. लिहायला बसलं की मंजुनाथचं त्या दिवशीचं तोंड आठवायचं, हसू यायचं, पण शब्द दिलेला, म्हणून राहून जायचं. आता हरकत नाही.

गड्ड्याच्या जत्रेत त्याचा फुगे फोडायचा स्टॉल. मी त्याचा दोस्त, मदतीला. त्या दिवशी मंद्रूपहून सिद्धप्पामामा आले होते, आपल्या पोरीला, चंद्रिकाला घेऊन. लग्नाला मंजुनाथची नि तिची पसंती झालेली. मामांचं राहिलं होतं. पोरगा धंद्यात कसा आहे ते बघून हो का नाही सांगणार होते.

मंजुनाथनं खास त्यांच्यासाठी नवे छर्रे आणलेले. जड, पुढं टोक. "खिळ्यासारखे हायत की. फुगा वाचतोय कुटं?"

मामांनी बंदुकीची नळी खाली वाकवून छर्रा भरला, नेम धरला, चाप ओढला. छर्रा बरोबर लाल फुग्यावर बसला. फुगा नुसता हलला. छर्रा टपकन खाली.

"लाजला की ओ," मामा म्हणाले.

दुसरा मारला, निळ्यावर. तोही लाजला. मागं उभी माणसं हसायला लागली. मंजुनाथला भर थंडीत घाम.

"फुगे लोखंडी हायत काय रे?"

"न्हाय मामा, स्प्रिंग जरा..."

चंद्रिका पुढं आली. कॉलेजात एनसीसीला होती ती. एका तळहातावर नवा छर्रा घेतला, दुसऱ्यावर जुन्या डबीतला, हलका, चपट्या तोंडाचा.

"स्प्रिंगला काय झालं न्हाय. हा लई जड हाय, नळीत घट्टबी बसतोय. बंदुकीची हवा तेवढीच. ती ह्याला ढकलण्यातच दमती. मग वेग कुटनं येणार?"

"टोक हाय की त्याला," मंजुनाथ पुटपुटला.

"टोक घेऊन रांगत गेलं तर फुगा फुटतोय होय?"

तिनं जुना छर्रा भरला. फाट. लाल फुगा गेला.

"नोड, नोड, बघा की," मामा कानडी-मराठीत स्वतःशीच म्हणाले. मग मंजुनाथकडं वळले. "आता तू मार."

तीन वर्षं हा गडी फुगे फुगवतोय, फोडला एकही नाही.

त्यानं जुनाच छर्रा भरला, डोळा मिटला. दोन्ही मिटले. छर्रा सुसाट गेला आणि मागच्या फळीत घुसला. फुगे जागच्या जागी.

कुणी हसलं नाही. मामांनी पोरीकडं बघितलं.

"अप्पा, छर्रा बरोबर होता," चंद्रिका म्हणाली. "नेमाचं मी बघते."

मामांनी बंदूक उचलून बाजूला ठेवली. "चहा सांग रे," ते मंजुनाथला म्हणाले. "साखर जास्त."

चहा सांगायला जाताना मंजुनाथनं माझं मनगट घट्ट धरलं.

"नवनाथ, तू हे लिहिणार. मला म्हाईत हाय."

"अक्षता पडेपर्यंत एक अक्षर न्हाय," मी त्याला शब्द दिला.