एकाच घोटात

हिरड्यांतून रक्त. ब्रशवरचा फेस गुलाबी.

कांद्याच्या सालींची पोतीच्या पोती आणि त्यांतून निघालेली जेमतेम बशीभर पिवळी पूड.

सगळ्या प्रयोगशाळेला एकदम शिंक.

आईच्या दंडावर वांग्याच्या रंगाचा डाग. "कपाटाचं दार लागलं असेल गं."

पडद्यावर एक रेघ, झपकन वर चढलेली. साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "आजी, रक्त पातळ करायची गोळी चुकून दोनदा घेता का?"

"छे हो! हृदयाची झडप बदलल्यापासून तीच गोळी, तीच वेळ. एक वेळ घड्याळ चुकेल, मी नाही."

"मग हा आकडा दुपटीवर कसा गेला? रक्त गोठायचं नावच घेत नाहीये. दुसरं काही घेता? काढा, पावडर, कुणी सांगितलेलं काही?"

आईने शेजारी बसलेल्या लेकीकडे पाहिलं नाही. पिशवीतून बिनलेबलची डबी काढून टेबलावर ठेवली. "ही घेते कधीमधी. हिच्या कारखान्यातली. हिला पत्ताही नाही बरं का, मीच हिच्या पर्समधून उचलली. जुनी खोड आहे माझी."

डॉक्टरांनी एक कॅप्सूल उघडली, हुंगली आणि नाक चोळलं. "मिरी?"

"मिऱ्याचा अर्क," लेक म्हणाली. "आणि कांद्याच्या सालीतली पिवळी पूड, फ्लेव्होनॉइड."

याच कामात तिची वर्षं गेली होती. नुसती पूड पोटात जायची आणि बरीचशी तशीच बाहेर पडायची. थोडीफार आत शिरली, तर यकृत तिचा तिथल्या तिथे निकाल लावायचं. मिऱ्याने यकृताचा हात आखडला, पूड रक्तात टिकली, तिचं प्रमाण दाखवणारी पडद्यावरची रेघ चढली. तेव्हापासून कारखान्यात सगळे तिला मिरीबाई म्हणत.

"आणि यकृताने फक्त तुमच्या पुडीपुरताच हात आखडला, होय?" डॉक्टर म्हणाल्या. "आमच्या गोळीचा निकालही तेच लावतं."

हे तिला माहीत होतं. परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

"आजी, कधीमधी म्हणजे नक्की किती? नीट सांगा. अर्क किती मुरलाय त्यावर इंजेक्शन ठरवायचंय. कमी पडलं तर डोक्यात रक्तस्राव, जास्त झालं तर झडपेवर गुठळी."

"घेतल्या असतील दोन-चार."

टेबलाखाली आईने लेकीचा पाय दाबला. चांगला जोरात.

"रोज दोन," लेक म्हणाली. "महिनाभर. गोळीबरोबरच, एकाच घोटात."

"तुम्हाला तर पत्ता नव्हता ना?"

"डबी मीच भरून देत होते."

"अगं, गप बस की!" आई उसळली. "हिचं काय मनावर घेता डॉक्टर, दिवसरात्र मिरी हुंगून डोकं फिरलंय हिचं." मग आवाज खाली आणून, "नोकरी जाईल ना बाई तुझी."

डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि नर्सला हाक मारली.

आईला आतल्या खाटेवर निजवलं. सुई काढली त्या जागेतून रक्त थांबेना. नर्स कापसाचा बोळा दाबून उभी राहिली.

"दाब, चांगला दाब," आई तिला म्हणाली. "उगाच वाया जायला नको."

लेकीने बाहेर येऊन साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, उद्याच्या बैठकीत सुरुवातीलाच ती रेघ दाखवू, पाहुणे खूश होतील.

"रेघ बरोबर आहे साहेब," ती म्हणाली. "पण कॅप्सूल थांबवा. माझी आई आत आहे."

फोन कानाला धरून ती भिंतीला टेकून उभी राहिली. दाराच्या फटीतून नर्सचा हात दिसत होता, अजून दाबलेलाच.

पहिली कॅप्सूल हातात घेताना आईने विचारलं होतं, "रक्ताच्या गोळीबरोबर चालेल ना गं?" आणि ती म्हणाली होती, "झाडपाल्याचं आहे आई, त्याने काय होतंय."