बॅगेतला दोष

"आता आणखी काय बिघडलं?" बॅगवाल्याने विचारलं.

बाईंनी लांबट काळी बॅग त्याच्या शिलाई मशीनशेजारी ठेवली होती. तीन महिन्यांत ही चौथी खेप.

बॅग पूल नावाच्या, बिलियर्डसारख्या खेळाच्या काठीची होती. खेळणारे त्या काठीला क्यू म्हणतात. पेच फिरवला की तिचे दोन तुकडे होतात आणि बॅगेतल्या दोन नळ्यांत जाऊन बसतात. एवढंच काम त्या बॅगेला. तरी इतक्या तक्रारी बॅगवाल्याने पोरांच्या दप्तरांबद्दलही ऐकल्या नव्हत्या.

पहिल्या खेपेला बाई म्हणाल्या होत्या, "चेन अडकते. ह्यांना उघडता येत नाही." त्याने चेन दहा वेळा ओढून पाहिली. लोण्यासारखी सरकत होती. तरी नवी घालून दिली, मागे टुमणं नको म्हणून. दुसऱ्या खेपेला पट्ट्याचं बक्कल घट्ट होतं. त्याने बक्कल काढून वेल्क्रोची चिकटपट्टी लावली. तिसऱ्या खेपेला नळ्या अरुंद निघाल्या, क्यू आत जाईना. त्याने दोन्ही नळ्या उपसून रुंद बसवल्या, बॅगेला आतून मऊ कापडाचं अस्तरही लावलं. प्रत्येक वेळी बाईंनी दोष सांगितला तो वाण्याच्या यादीतलं सामान वाचावं तसा. आवाजात ना राग, ना विनवणी.

बॅगवाला जिभेने तिखट होता. पस्तीस वर्षं तो टाके घालत होता. कापड फाटेल, कातडं फाटेल, पण माझा टाका उसवणार नाही, असं तो कुणी न विचारताही सांगायचा. चौथ्यांदा आलेली बॅग म्हणजे त्याला सरळ अपमान वाटला.

त्याने चेन ओढली. ठीक होती. चिकटपट्टी ठीक होती. मग त्याने बॅगेचं तोंड उजेडाकडे फिरवलं आणि तो थबकला. क्यूच्या टोकाला खेळताना निळा खडू घासतात. त्या खडूचे ठिपके नळ्यांच्या तोंडाभोवती सगळीकडे पडले होते. वर, खाली, बाजूला, काही तर चार बोटं लांब. हे अस्तर त्याने पंधरवड्यापूर्वीच घातलं होतं आणि नळीत आता मनगट शिरलं असतं.

चोर सापडल्यासारखा तो हसला.

"ताई, बॅगेला उगाच बदनाम करताय. साहेबांचा नेम चुकतोय. नाचता येईना अंगण वाकडं!"

बाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत.

"नेम नाही चुकत," त्या म्हणाल्या. "हात कापतात."

बॅगवाल्याला आपल्या जिभेची लाज वाटली. त्याने मशीनवरून पाय काढून घेतला.

"डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही सांगितलंय," बाई त्याच आवाजात म्हणाल्या. "गोळ्या घेतात. पण हे म्हणतात, दुखणं हातापर्यंत आलेलं नाही अजून. शर्टाची बटणं मी लावते, का तर बटणं बारीक आहेत. चहा अर्धा कप देते, का तर कपाचा कान नीट नाही. पूलच्या टेबलापाशी उभे राहिले की हात जरा थांबतात. चार मित्र आहेत, तेही सांभाळून घेतात. संध्याकाळचे दोन तास माणसात असतात ते."

"मग मी आता काय दुरुस्त करू, ताई?"

"काही नाही. तुम्ही छानच करून दिलीत. सगळं सरकतं, सगळं बसतं." बाई बॅगेकडे बघत होत्या. "परवा पलंगावर बसून क्यू आत ठेवत होते. पाव तास झाला. काही अडकत नव्हतं. मग थांबले. हात मांडीवर ठेवले आणि हातांकडे बघत बसले. काल खेळायला गेले नाहीत. आज मित्राचा फोन आला तर मला म्हणाले, सांग झोपलेत."

समोरच्या रस्त्यावरून एक टेम्पो मागे मागे येत राहिला.

"मला आता रडूबिडू येत नाही, भाऊ," बाई म्हणाल्या. "सकाळी उठते, कामाला लागते. पण ते घरी बसले तर मला जमायचं नाही. अंगण वाकडंच हवंय मला. ही होती तशी करून द्या."

बॅगवाल्याला आधी उमगलंच नाही. उमगलं तेव्हा त्याचा हात पुढे जाईना. पस्तीस वर्षांत लोकांनी फाटकं आणून धड करून नेलं होतं. धड आणून कुणी बिघडवून मागितलं नव्हतं. मला नाही येत हे काम, असं तो म्हणणार होता. पण बाई दाराकडे वळल्या नव्हत्या. त्यांना जायला दुसरं दुकान नव्हतं.

त्याने टाके काढायची सुरी घेतली. चेन तोडून भागणार नव्हतं. तुटकी चेन कुणीही बदलून घेतो. त्याने चेनीलगतच्या अस्तराचे चार टाके काढले. कापड आता चेनीत सापडत होतं. त्याने ओढून पाहिली. एकदा सरकली, एकदा अडली. त्याने आणखी एक टाका काढला. धडधाकट माणसाच्या हातातही ती अडायला हवी होती, म्हणजे ते चौघे मित्रही बॅगेलाच शिव्या घालतील. आयुष्यात कुठल्या कामाला लावलं नसेल इतकं लक्ष त्याने ह्या कामाला लावलं.

मग सुरी तशीच धरून त्याने वर पाहिलं.

"ताई," त्याने हळूच विचारलं, "किती दिवस पुरेल असं बिघडवू?"